भारमान बघून कंडक्टरला नावं ठेवू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात पहिल्याच पानावर तुमची ती मोठी बातमी वाचली, की झेडपीच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरांना दुसरीचा धडा धड वाचता येत नाही, आणि मग आतल्या पानावर अग्रलेख, त्यात 'गलेलठ्ठ पगार' दोनदा आणि 'जबाबदारी निश्चित करा' एकदा. आमच्याकडे पेपर सकाळी आधी मी वाचतो आणि मग सूनबाई, ती झेडपीत शिक्षिका आहे, अकरा वर्षं झाली. त्या दिवशी तिने अग्रलेख वाचला, पेपरची घडी घातली आणि वह्या तपासायला बसली, बोलली काहीच नाही. म्हणून मी बोलतोय. सुनेची बाजू घेणारा सासरा म्हणून हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

मी एसटीत कंडक्टर होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. शिक्षणातलं याला काय कळतं असं कुणी म्हणेल, पण आकड्यावरून माणूस मोजायचा म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. आमच्याकडे भारमान असतं, म्हणजे गाडीत सीट किती आणि बसले किती त्याची टक्केवारी. मी जिल्ह्याच्या गावाला जाणाऱ्या जलद गाडीवर असलो की भारमान फुल, आणि महिनाभराने तोच मी, तोच तिकिटाचा ट्रे, तोच घसा, डोंगराकडच्या मुक्कामी गाडीवर गेलो की आकडा निम्म्यावर. एका महिन्यात मी काय बिघडलो होतो का? आमच्या डेपोत कारकुनापासून साहेबापर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं, त्यामुळे मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला कुणी कामचुकार म्हटलं नाही, आधी रूट बघायचे आणि मग आकडा. आणि त्याच मुक्कामी गाडीत सकाळी परत येताना हायस्कूलच्या पोरी दाटीवाटीने उभ्या असायच्या, अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास, त्यामुळे गाडी भरलेली आणि पैशाची पिशवी हलकी. नुसती पिशवी उचलून बघणाऱ्याला त्या पोरी दिसणारच नाहीत.

आता सूनबाईंचा रूट सांगतो. शाळा पहिली ते पाचवी, पोरं ४३, शिक्षक दोन. यात बेकायदेशीर काही नाही बरं का, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे, पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक. हिशोब डोक्यांचा आहे, वर्गांचा नाही. म्हणजे वर्ग पाच, माणसं दोन, आणि त्यातला एक हेडमास्तर, म्हणजे मीटिंगला जाणारा माणूस.

मागच्या पावसाळ्यात तिची छत्री घरी राहिली म्हणून द्यायला गेलो आणि पाऊस थांबेना म्हणून वर्गातच मागे बसलो. फळ्यावर खडूने दोन उभ्या रेघा मारून तीन भाग केलेले. डावीकडे पहिलीचं काना-मात्रा, मधे दुसरीची हातच्याची बेरीज, उजवीकडे तिसरीची कविता. ती पहिलीतल्या एकाचा हात धरून पाटीवर गिरवून घेत होती, तोंडाने दुसरीचे पाढे चालू, आणि नजर तिसरीकडे कारण तिथे दोघंजण एकमेकांचं दप्तर ओढत होते. तेवढ्यात फोन, केंद्रशाळेवरून, अमुक माहिती दुपारी दोनच्या आत पाठवा. मी चाळीस मिनिटं बसलो आणि माझ्या मनात एकच आलं, ही बाई एकाच वेळी तीन गाड्यांची तिकिटं फाडतेय आणि तिन्ही गाड्या चालू आहेत.

बरं, आता तुमच्या बातमीतल्या आकड्याकडे येतो. तो आकडा असरचा. असर म्हणजे काय ते मी मुलाच्या लॅपटॉपवर बसून नीट वाचलं, रिटायर माणसाला वेळच वेळ. 'प्रथम' नावाची संस्था २००५ पासून हा सर्व्हे करते, आणि मी त्याला अजिबात वाईट म्हणत नाही, उलट फार सरळ काम आहे, खेड्यापाड्यातच जातात, जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं निवडायची, पोराला घरीच समोर बसवायचं, अक्षर वाच, शब्द वाच, छोटा परिच्छेद वाच, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाच. घरी जाऊन विचारतात म्हणजे त्यात झेडपीचं पोरगं येतं, खाजगीतलं येतं आणि शाळेत न जाणारं पण येतं. त्यातून कुठल्या शाळेचा निकाल निघत नाही, मग शिक्षकाचा कुठून निघणार? ज्यांनी मोजलं ते म्हणत नाहीत की शिक्षक नालायक, ते म्हणतात पोराला आज काय येतं ते बघा आणि तिथून पुढे शिकवा. नालायक हा शब्द मधल्या मधे तुमच्या डेस्कवर चिकटला.

आणि एक गंमत. त्याच असरच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या पोरांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २३.४ टक्के आहेत, २०२२ ला हीच १६.३ होती. आकडा कमीच आहे, मान्य, चारातलं एक पण धड नाही. पण दोन वर्षांत सात टक्क्यांनी वर गेला ना? त्याची बातमी कुठल्या पानावर होती ते मला सापडलं नाही. आकडा उतरला की शिक्षकाची जबाबदारी आणि चढला की योजनेला यश, मंत्र्यांचा फोटो. आमच्यात असं असतं ना तर गाडी फुल भरली की ड्रायव्हरचा सत्कार आणि रिकामी गेली की कंडक्टरला मेमो.

दुसरी परीक्षा सरकारची स्वतःची, ती राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, नॅस म्हणतात. ती झाली १२ नोव्हेंबर २०२१ ला, तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीला. आणि आपल्या राज्यात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले १ डिसेंबर २०२१ ला. तारखा परत एकदा वाचा. तिसरीचं पोरगं, जे कोविडमुळे पहिलीचा शेवट आणि अख्खी दुसरी घरी होतं, त्याची परीक्षा आधी आणि वर्ग नंतर. त्या दीड वर्षात सूनबाई पोरांना देवळाच्या पारावर लांब लांब बसवून शिकवायची, कारण ऑनलाईन म्हणायला वाडीत रेंज एकाच घराच्या गच्चीवर यायची, आणि ते घर सरपंचाचं. नंतर त्या परीक्षेचे आकडे आले तेव्हा 'गुणवत्ता घसरली' म्हणून ओरड झाली. घसरली हे खरंच आहे, न घसरून जाते कुठे, पण ती बघून बोट कुणाकडे दाखवायचं याचा जरा तरी विचार नको का.

पोरांचं म्हणाल तर निम्मी वाडीची आणि निम्मी तांड्यावरची. तांड्यावरचे आईबाप ऊसतोडीला जातात, दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन निघाले, आणि ज्याच्या घरी म्हातारं माणूस नाही त्याचं पोरगं पण गाडीत बसून फडावर. परत येणार गुढीपाडव्याच्या आसपास. मधले साडेचार-पाच महिने ते पोरगं उसाच्या पाचटात लहान भावाला सांभाळतंय. एप्रिलमध्ये चाचणी, ते हजर, पेपर त्याच्या हातात, आणि त्याचा शून्य सूनबाईंच्या नावावर. तिने एकदा दिवाळीआधी तीन घरी जाऊन हातापाया पडून पोरं आजीकडे ठेवायला लावली होती, त्यातलं एक राहिलं. ते एक पोरगं तिच्या पाच महिन्यांच्या कामाचा सगळ्यात मोठा निकाल आहे असं मी मानतो, पण ते लिहायला कुठल्या पोर्टलवर रकाना आहे मला माहीत नाही.

अजून एक. तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. एक पोरगा पहिलीत आला, दोन महिने तोंड उघडलं नाही. हिने चित्राचं कार्ड दाखवलं, बाई आणि कडेवर बाळ, खाली लिहिलेलं 'आई'. पोरगा गप्प. मग शेजारच्या पोरीने सांगितलं, बाई त्याला माहितीय, तो याडी म्हणतो. हिने फळ्यावर मोठ्या अक्षरात 'याडी' लिहिलं आणि त्याच्याखाली 'आई'. तेव्हापासून तो रोज एक शब्द घेऊन यायला लागला आणि ही वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला लागली, मी पाहिलीय ती वही, सत्तर-ऐंशी शब्द झालेत आणि त्यातले काही आता मला पण येतात. आता याच पोराला प्रमाण मराठीतला उतारा दिला आणि खाली चार पर्याय, तर तो काय करणार? एका तिसरीतल्या पोरीने तर असल्याच एका पेपरात अ, मग ब, मग क, मग ड, परत अ, ब, क, ड, अशी खूण करत करत मस्त जिना काढला होता, विचारलं तर म्हणाली बाई छान दिसतंय ना. सूनबाई सांगताना हसली पण डोळ्यात पाणी होतं तिच्या.

'खाजगीत बघा कसं होतं' हे वाक्य अग्रलेखात होतं. खाजगीत कोण जातं ते पण बघा ना मग. ज्या घरात फी भरायची ताकद आहे, आई शिकलेली आहे, संध्याकाळी क्लास आहे, ते पोरगं जातं. आंध्र प्रदेशात एक प्रयोग झाला होता, २०१५ ला अर्थशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आला, त्यात सरकारी शाळेतल्या गरीब घरच्या पोरांतून लॉटरी काढून काहींना खाजगी शाळेची फी दिली आणि चार वर्षांनी दोघांना तपासलं. तेलुगू आणि गणितात फरक शून्य. हिंदीत खाजगीवाली पुढे होती कारण तिथे हिंदीला तास जास्त होते. प्रामाणिकपणे हे पण सांगतो की त्या खाजगी शाळा कमी खर्चात चालत होत्या, कारण तिथल्या शिक्षकांचे पगार फारच कमी. म्हणजे पगाराबद्दल वाद घालायचा तर जरूर घाला, पण पोरगं तेच ठेवून शाळा बदलली तर चमत्कार होतो हे काही खरं नाही.

आता कामाचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिकवण्याबाहेरचं काम द्यायचं नाही. वाचायला झकास. पण निवडणूक म्हणजे काय एक दिवसाचं मतदान असतं का, बीएलओ, म्हणजे एका मतदान केंद्राच्या यादीचा माणूस, म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचं ते वर्षभर चालूच. आणि जे कलमात बसत नाही ते 'शाळेचंच काम' म्हणून येतं, युडायस म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारी पोर्टलवर भरा, आधार जुळवा, पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक ते रोज ॲपवर टाका, झाडं लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, प्रतिज्ञा घेतल्याचा फोटो. आणि सगळ्यात हसायचं म्हणजे त्या चाचण्या. रात्री दहा वाजता मी बघतो, ही पलंगावर बसून मोबाईलवर एकेका पोराचे एकेका प्रश्नाचे गुण भरतेय, चाळीस पोरं, मधेच सर्व्हर डाऊन, परत पहिल्यापासून. पोरगं कशात कच्चं आहे हे कळावं म्हणून चाचणी म्हणे. अहो ते तिला चाचणीच्या आधी पाठ आहे, मला पण पाठ आहे, आमच्या जेवताना त्याच गप्पा असतात! चाचणीमुळे फक्त तिला दुसऱ्या दिवशी डोळे चोळत शाळेत जावं लागतं.

निकालावर शिक्षकाला बांधायचं हे नवीन नाही, हे पण मला वाचताना कळलं. इंग्लंडात १८६२ ला रॉबर्ट लो म्हणून शिक्षणखातं बघणारे गृहस्थ होते, त्यांनी नियमच केला की इन्स्पेक्टरसमोर पोरं वाचन, लेखन, गणितात पास झाली तरच शाळेला पूर्ण अनुदान, व्यवस्था एकतर कार्यक्षम होईल नाहीतर निदान स्वस्त पडेल असं पार्लमेंटात ठणकावून सांगितलं. झालं काय, तर शाळा तेवढे तीनच विषय घोकून घ्यायला लागल्या, बाकी सगळं बाजूला. मॅथ्यू अर्नोल्ड, कवी माणूस पण नोकरीने शाळा तपासनीस, तो सरकारी नोकरीत राहून याच्याविरुद्ध लिहीत राहिला. तीसेक वर्षांनी ते मोडीत काढलं. आपल्या मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानाला हाच प्रकार होता, साहेबाकडून आपण सगळंच घेतलं.

आणि अगदी अलीकडचं अमेरिकेतलं. २००२ ला कायदा केला, २०१४ पर्यंत शंभर टक्के पोरं पास झालीच पाहिजेत, नाही झाली तर शाळेवर कारवाई. शंभर टक्के! हे लिहिणाऱ्याने कधी वर्गात हजेरी तरी घेतली असेल का. अटलांटा शहरात २००९ च्या परीक्षेचे गुण संशयास्पद वाटले म्हणून चौकशी केली, २०११ ला अहवाल आला, ४४ शाळांत गडबड, १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं, पोरांच्या उत्तरपत्रिकेतली चुकीची उत्तरं खोडरबराने खोडून बरोबर करून ठेवलेली, आणि २०१५ ला कोर्टाने ११ जणांना दोषी धरलं. त्यांनी केलं ते चूकच, त्याची बाजू मी घेत नाही. पण आकड्यावर नोकरी टांगली की माणूस पोराकडे बघायचं सोडून आकड्याकडे बघायला लागतो. त्याच वर्षी अमेरिकेने तो कायदाच बदलला. म्हणजे ते तिकडून निघाले आणि आपण त्याच स्टँडवर चढायला उभे.

त्यांच्याकडच्याच संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१४ ला एक निवेदन काढलं होतं, की पोरांच्या गुणांत जो फरक दिसतो त्यातला शिक्षकामुळे किती, तर बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के. बाकी सगळं घर, गरिबी, व्यवस्था वगैरे. एक ते चौदा! आणि अग्रलेखात शंभर टक्के खापर.

आता कुणी लगेच म्हणेल की सगळे शिक्षक तुमच्या सुनेसारखे नसतात. नसतातच. अकराला येऊन चारला निघणारे मी पाहिलेत, माझ्याच गाडीने यायचे की, आणि तास चालू असताना बाहेर फोनवर जमिनीचे व्यवहार करणारे पण पाहिलेत. त्यांना घरी बसवा, मी टाळ्या वाजवीन आणि सूनबाई माझ्या आधी वाजवील, कारण अशा माणसाचा वर्ग शेवटी तिच्यासारखीलाच सांभाळावा लागतो. पण ते कळायला परीक्षा लागत नाही, साहेबाने न सांगता शाळेत जावं लागतं. अचानक जा, मागे बसा, तासभर बघा. आमचे तिकीट चेकर काय करायचे, हात दाखवून मधेच गाडीत चढायचे, महिन्याचा तक्ता बघून डेपोत बसून कुणाला चोर ठरवत नव्हते.

परीक्षा बंद करा असं पण मी म्हणत नाही. पोराला वाचता येत नसेल तर ते कळलंच पाहिजे आणि आईबापाला तर आधी कळलं पाहिजे. फक्त एक विनंती आहे. पुढच्या वेळी असे आकडे छापाल तेव्हा त्या चौकटीतच अजून चार रकाने टाका, शाळेत वर्ग किती, शिक्षक किती, वर्षात शिक्षक किती दिवस वर्गाबाहेरच्या कामावर होता, आणि किती पोरं मधेच गाव सोडून गेली. ही माहिती कुठे शोधायला नको, सगळी ऑनलाईन भरलेली आहे, रात्री दहा वाजता कुणी भरली ते मी वर सांगितलंच.

वाटल्यास तुमचा वार्ताहर पाठवा, माझी जुनी मुक्कामी गाडी अजून चालू आहे, सकाळी फाट्यावर उतरलं की शाळा चालत वीस मिनिटं. नाहीतर फळ्याचा फोटो सूनबाईंना विचारून पाठवतो, तिन्ही भाग येतील असा. माझं नाव छापू नका, तिला साहेबांना उत्तर द्यायला लागेल.

आपला,
एक रिटायर कंडक्टर